पेटीतले कागद

आमच्या घरात पलंगाखाली एक पत्र्याची पेटी आहे. ती सासूबाईंची. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पेटीची किल्ली त्यांच्या कमरेला असायची, आजही असते. आत दागिना नाही की पैसा नाही. गावाकडच्या महार वतनाच्या जमिनीचे कागद आहेत: जुने सातबारे, १९५८ च्या वतन निर्मूलन कायद्यानंतर भरलेल्या कब्जेहक्काच्या रकमेची पावती आणि एक स्टँप पेपर. त्या स्टँप पेपरवर आजेसासऱ्यांचा अंगठा आहे. लेकीच्या लग्नासाठी त्यांनी शेजारच्या बागायतदाराकडून पैसे घेतले होते. कागदावर काय लिहिले आहे हे त्यांना कोणी वाचून दाखवले नाही. पुढे कसायला तो बागायतदार, आणि हळूहळू सातबाऱ्यावरही तोच. ही जमीन नवीन शर्तीची, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हे आम्हाला कळले तेव्हा चाळीस वर्षे उलटून गेली होती.

मी नोकरीने क्लार्क. शनिवारी संध्याकाळी विहारात बसून लोकांचे अर्ज, सातबारे, वारस नोंदी बघून देते. त्यामुळे कागद आणि जमीन या दोन गोष्टी एकत्र असतातच असे नाही, हे मला नवीन नाही. तरीही २०२१ च्या मे महिन्यात टी.व्ही.वर जेरुसलेमच्या शेख जर्रा वस्तीची बातमी लागली तेव्हा मी हातातली भाजी तशीच ठेवून बसले. पोलीस, रस्त्यावर बसलेली माणसे, दारात उभी एक बाई. धाकटी म्हणाली, "आई, घर तिचं आहे ना? मग काढतात कशाला?" मी सवयीने म्हणाले, "कागद कोणाकडे आहेत ते बघावं लागेल." सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कागद आपल्याकडं बी हायेत की. जमीन कुठं हाय?"

त्या दिवसापासून मी या प्रकरणाबद्दल मिळेल ते वाचत गेले. कॉमर्सची पदवी असल्याने वहीखाते वाचायची सवय आहे, आणि हे सगळे शेवटी वहीखातेच आहे.

पॅलेस्टाईनवर पूर्वी तुर्कांच्या उस्मानी सुलतानाचे राज्य होते. १८५८ साली त्यांनी जमिनीचा कायदा केला. पूर्ण मालकीची ती मुल्क. सरकारची पण कसणाऱ्याच्या हक्काची ती मिरी, आणि बहुतेक शेतजमीन याच प्रकारातली. धर्मादाय ती वक्फ. रस्ते, चराऊ रान वेगळे, आपल्या गायरानासारखे. आणि शेवटची मवात, म्हणजे मेलेली जमीन. गावाच्या कडेला उभे राहून माणसाने मोठ्याने हाक मारली तर जिथे ऐकू येत नाही, इतकी लांबची पडीक जमीन म्हणजे मवात! कायद्याच्या पुस्तकात असे माप असते हे वाचून मला नवल वाटले. मिरी जमीन सबळ कारणाशिवाय तीन वर्षे पडीक ठेवली तर कसणाऱ्याचा हक्क जाई. दहा वर्षे सलग कसली तर हक्क मिळे.

पण नोंद करायला शेतकरी पुढे येईना. नाव लागले की सारा लागणार, आणि पोराला फौजेत ओढून नेणार, ही भीती. कित्येकांनी जमीन गावच्या बड्या माणसाच्या नावावर लागू दिली, कित्येकांनी नोंदच केली नाही. अनेक गावांत जमीन सामाईक असे आणि ठरावीक वर्षांनी घराघरांत फिरवून कसली जाई. तिचा कागद तरी कोणाच्या नावाने करणार? पुढे शहरात राहणारे हे बडे मालक जमीन विकून मोकळे झाले, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याला ती विकल्याचे नवा मालक दारात आल्यावर समजले. हे वाचताना आजेसासऱ्यांचा अंगठा डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

१९४८ च्या युद्धात इस्रायल झाले आणि लाखो अरब घरे सोडून गेले किंवा हाकलले गेले. १९५० साली इस्रायलने गैरहजरांच्या मालमत्तेचा कायदा केला. माणूस परदेशी गेला नसेल, पण त्या काळात शत्रूच्या ताब्यातल्या शेजारच्या भागात गेला असेल, तरी तो गैरहजर आणि त्याची जमीन सरकारी कस्टोडियनकडे. मग असे झाले की माणूस त्याच देशात राहतो, त्याला नागरिकत्व आहे, मतदान आहे, पण जमिनीपुरता तो गैरहजर. अशांना तिथे 'हजर गैरहजर' असे नाव पडले. आमच्या ऑफिसच्या मस्टरवर असे कोणी लिहिले तर मेमो मिळेल.

इक्रित नावाचे गाव लेबनॉनच्या सीमेजवळ. वस्ती अरब ख्रिश्चनांची. नोव्हेंबर १९४८ मध्ये सैन्याने त्यांना पंधरा दिवसांसाठी म्हणून गावाबाहेर नेले. पंधरा दिवस संपलेच नाहीत. लोक वरिष्ठ कोर्टात गेले, आणि जुलै १९५१ मध्ये जिंकलेही. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशी, सैन्याने गाव सुरुंगाने उडवले. चर्च तेवढे उरले. पुढे १९५३ च्या कायद्याने जमीनही गेली, आणि २००३ मध्ये कोर्टाने परतण्याची मागणी नाकारली. गावच्या दफनभूमीत मात्र १९७० च्या दशकापासून मयत आणू देतात. मेल्यावर येता येते, जिवंतपणी नाही. आमच्याकडे याच्या उलट होते. गावात राहायला बंदी नव्हती, स्मशानाच्या वाटेवरून भांडण असे.

आता शेख जर्रा. इथली जमीन १८७६ साली ज्यू संस्थांनी विकत घेतली होती असे त्या बाजूचे म्हणणे आहे. तिथे ज्यू घरे होती आणि १९४८ मध्ये त्यांनाही निघावे लागले, हे लपवायचे कारण नाही. अरब देशांतूनही पुष्कळ ज्यू घरदार गमावून आले. त्यांचे दुःखही दुःखच. मग तो भाग जॉर्डनकडे गेला. १९५६ साली जॉर्डन सरकार आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने तिथे २८ निर्वासित कुटुंबांना घरे दिली. निर्वासितांच्या शिधामदतीवर पाणी सोडा, तीन वर्षांनी मालकी नावावर करून देऊ, असे ठरले. नाव कधी लागलेच नाही. १९६७ मध्ये इस्रायलने शहराचा तो भाग घेतला. १९७० च्या कायद्याने, १९४८ ला तिथे मालमत्ता गमावलेल्या ज्यूंना ती परत मागता येऊ लागली. पण याच कुटुंबांची पश्चिम जेरुसलेम, हैफा, याफा इथली जुनी घरे १९५० च्या कायद्याखाली अडकलेली, ती मागता येत नाहीत. वर्ष तेच, युद्ध तेच, कायद्याची दारे दोन. एक आतून उघडते, दुसऱ्याला बाहेरून कुलूप.

१९८२ मध्ये दावा लागला तेव्हा कुटुंबांच्या वकिलाने तडजोड केली: मालकी समोरच्याची, आपण संरक्षित भाडेकरू. आम्हाला विचारले नव्हते, असे कुटुंबे पुढे सांगत राहिली. वकिलाची सही असो की अंगठा असो.

वेस्ट बँकमध्ये निराळीच तऱ्हा. तिथली बरीचशी जमीन मोजून नोंदवली जायच्या आधीच १९६७ चे युद्ध झाले आणि १९६८ मध्ये लष्करी हुकुमाने नोंदणीचे काम थांबले. १९७९ मध्ये एलोन मोरेच्या निकालात इस्रायलच्याच कोर्टाने, लष्करी गरजेच्या नावाखाली घेतलेली खाजगी जमीन परत करायला लावली. त्यानंतर सरकारने तोच १८५८ चा तुर्की कायदा बाहेर काढला. पडीक, म्हणून सरकारी. कसले होते हे दाखवायचे ओझे शेतकऱ्यावर, आणि त्याच्याकडे उतारा नाही.

मार्च २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने शेख जर्राच्या चार कुटुंबांना तूर्त राहू दिले. मालकीचा निर्णय लागेपर्यंत थोडे भाडे कोर्टाच्या सांगण्याप्रमाणे भरायचे.

हे मी घरी सांगितले. सासूबाई आता अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. आमचे अपील प्रांतसाहेबांकडे आहे, त्यासाठी पेटी उघडून कागदांच्या झेरॉक्स काढून आणल्या होत्या. त्या एकेक मूळ कागद पुन्हा फडक्यात गुंडाळत होत्या.

"म्हंजी त्या बाईचं घर ऱ्हायलं?" त्यांनी विचारलं.

"सध्या राहिलं, आत्याबाई. निकाल व्हायचाय."

"मग तारीख पडली म्हन की," त्या म्हणाल्या, आणि किल्ली कमरेला खोचली. "आपली कधी हाय?"

"बावीस तारखेला."

"मला घिऊन चल. अंगठा कुनाचा ते मी सांगते."