साखळीची लांबी

सेवानिवृत्तीनंतर माणसाच्या हाती काय उरते, असा विषय निघाला की माझे समवयस्क प्राध्यापक मित्र अपुरे ग्रंथ, अप्रकाशित लेख आणि नातवंडे यांचा उल्लेख करतात. माझ्या हाती आली ती एक साखळी. तिच्या दुसऱ्या टोकाला मोत्या होता. एका पावसाळी संध्याकाळी फाटकापाशी कुडकुडत बसलेले हे गावठी पिल्लू माझ्या पत्नीने पदराखाली घेऊन घरात आणले, तेव्हा ते ओंजळीत मावेल एवढे होते. पुढे त्याला रोज टेकडीवर नेण्याचा परिपाठही तिनेच पाडला. मी त्या वेळी खिडकीपाशी वाचीत बसलेला असे. मग एका वर्षी तिच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि काही न बोलता तिने साखळी माझ्या हातात दिली.

पुण्याच्या पश्चिमेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, वेताळ टेकडीचा माथा आहे. शहर तिच्या चारही अंगांनी वर सरकत आले असले, तरी माथ्यावरच्या वेताळाच्या देवळापाशी पहाटे उभे राहिले की अजूनही मोराचा केकारव ऐकू येतो. टेकडीचा बराचसा भाग गिरिपुष्पाच्या लागवडीने व्यापलेला आहे. हे झाड मूळचे या मातीतले नव्हे. माघ-फाल्गुनात ते निष्पर्ण होऊन फिकट गुलाबी फुलांनी भरते, आणि पाहणारा त्याचे परकेपण विसरतो. मात्र त्या राईतून बाहेर पडून उघड्या कातळाकडे गेले की खैर, बोर, मेडशिंगी असे काटक, अल्पसंतुष्ट वृक्ष भेटतात. जुन्या दगडखाणीत पावसाचे पाणी साठते. खाणीच्या कडेने जाणारी पायवाट ही मोत्याची आवडती वाट, आणि म्हणून कालांतराने माझीही.

आयुष्यभर वाचन हाच व्यवसाय केलेल्या मला या वाटेवर प्रथमच निरक्षरतेचा अनुभव आला. मोत्या एकेका झुडपापाशी थबके, श्वास रोखून तिथला मजकूर वाची, काही ठिकाणी परत मागे जाऊन संदर्भ ताडून पाही. रात्री कोण आले, कोण गेले, कोण भ्याले, याची सारी बखर त्या गवतात लिहिलेली होती, आणि मला तिचे एक अक्षरही लागत नव्हते. वर्ड्‌स्वर्थने आपल्या ‘प्रिल्यूड’ या आत्मचरित्रपर दीर्घकाव्यात अशाच एका कुत्र्याचे स्मरण केले आहे. कवी वाटेने चालताना मोठ्याने ओळी रचीत असे. समोरून कोणी येऊ लागले की पुढे धावणारा कुत्रा मागे वळून त्याला सूचना देई, आणि कवी सावरून शहाण्या माणसासारखा चालू लागे. मीही चालताना जुनी व्याख्याने पुटपुटत असे. मोत्याने मला कधी सावध केले नाही. माझ्या व्याख्यानांची त्याला लाज वाटत नसावी.

त्या व्याख्यानांत श्वानाला मानाचे स्थान होते. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी आणि चारही भाऊ कोसळल्यानंतर युधिष्ठिरासोबत उरला तो कुत्रा. त्याला टाकून स्वर्गात जाण्याचे युधिष्ठिराने नाकारले आणि अखेर तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म असल्याचे प्रकट झाले. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर मराठी मुलाला पाळण्यातच भेटतात. दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान असतात आणि लोकमानस त्यांत चार वेद पाहते. एवढी परंपरा पाठीशी असताना प्राण्याच्या गळ्यात साखळी कशाला, असा माझा युक्तिवाद असे. नामदेवांनी त्या कुत्र्याला बांधून का तूप वाढले होते? खाणीपाशी पोहोचलो की मी साखळी सोडून टाकी. मोत्या मोकळा सुटे आणि मला आपण उदारमतवादी असल्याचे समाधान मिळे. ‘तिथे सोडू नका हं,’ असे पत्नीने दोनतीनदा सांगितले होते. आपल्याकडील विद्वानांना घरातील सूचना ऐकू न येण्याची एक सिद्धी प्राप्त असते.

एप्रिलमधील एका सकाळी खाणीच्या वरच्या उघड्या माळावर एकाएकी टिटव्यांचा आकांत सुरू झाला. दोन पक्षी मोत्याच्या डोक्यावर आलटून पालटून झेपावत होते. त्यांच्या डोळ्यांपुढची लाल मांसल पट्टी आणि ताणलेले पिवळे पाय मला खालूनही स्पष्ट दिसत होते. मी गंमत वाटून क्षणभर पाहत राहिलो. तो क्षण मला आजही माफ करता येत नाही. मी हाक मारली तेव्हा मोत्या मान खाली घालून काहीतरी चाटत होता. जवळ गेलो. खड्यांच्या उथळ खळग्यात एक अंडे शाबूत होते, मातकट रंगाचे, काळपट ठिपक्यांचे, शेजारच्या दगडापासून वेगळे न ओळखू येणारे. बाकीची फुटली होती.

जळणाची मोळी बांधीत बसलेली एक वृद्धा हे पाहत होती. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, ‘बाबा, लेकुरवाळं पाखरू हाय ते. अशा दिसांत कुत्रं मोकळं सोडू न्हाई. त्याला काय कळतंय? आपल्याला कळाय पायजे.’

घरी आल्यावर मी पत्नीला काही सांगितले नाही. मोत्याच्या मिशांवर पिवळा बलक सुकला होता. तिने ओल्या फडक्याने त्याचे तोंड पुसले, फडके धुऊन वाळत घातले आणि तीही काही बोलली नाही.

टिटवीची आणि समुद्राची कथा मी अनेक वर्षे शिकवली. पंचतंत्राच्या ‘मित्रभेद’ या पहिल्या तंत्रात ती येते. समुद्र उन्मत्तपणे टिटवीची अंडी ओढून नेतो, पक्षी गरुडाकडे दाद मागतात, गरुड विष्णूकडे जातो आणि विष्णूच्या धाकाने समुद्र अंडी परत करतो. दुर्बलांच्या संघशक्तीची कथा म्हणून मी तिचा गौरव करीत असे आणि स्वतःला अर्थातच टिटवीच्या पक्षात धरीत असे. त्या सकाळी मला कथेतले माझे खरे स्थान कळले. मी समुद्र होतो, आणि माझ्याकडे परत करण्यासारखे काही नव्हते. पहिली अंडी गेल्यास टिटवी बहुधा पुन्हा घालते, असे पुढे पक्ष्यांवरील एका पुस्तकात वाचले. तो दिलासा हाताशी असूनही घ्यावासा वाटला नाही.

त्यानंतर मुलीकडे इंग्लंडला गेलो असता तिने मला एका टेकाडावर फिरायला नेले. कुत्र्यांना घेऊन हिंडणाऱ्यांचा तो देश. मला तिथे सर्वत्र मोकळीक दिसेल अशी अपेक्षा होती. पण तिथल्या २००० सालच्या कायद्यानुसार, लोकांना पायी हिंडण्यास खुल्या केलेल्या माळरानांवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या साखळीनेच बांधलेला असावा लागतो, कारण त्या महिन्यांत जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा वीणीचा हंगाम असतो. फाटकावरचा तो फलक वाचताना मला मोळीवाल्या बाईची आठवण झाली. तिचे वाक्य आणि तो कायदा यांत अर्थाचे काहीच अंतर नव्हते. कायद्याने साखळीची लांबी तेवढी मोजून दिली होती.

युधिष्ठिराचा श्वानही मी आता निराळा वाचतो. त्याला न सोडणे यात आसक्ती नव्हती. जो आपल्या भरवशावर चालत आला, त्याचे उत्तरदायित्व शेवटच्या पायरीपर्यंत आपले, एवढाच त्याचा अर्थ. कुत्र्यावरचे प्रेम ही सोपी गोष्ट आहे, ते आपल्याला परत मिळत असते. ज्या टेकडीवर आपण त्याला नेतो, तिथल्या अनोळखी, आपल्याला भिणाऱ्या जीवांविषयीचे कर्तव्य कठीण असते, कारण तिथून कोणीही शेपूट हलवीत येत नाही.

पुढच्या वर्षी चैत्रात त्याच माळाच्या कडेला टिटवी ओरडली. मोत्याचे कान उभे राहिले, साखळी ताणली गेली आणि माझ्या मनगटाला तिचा ओढा जाणवला. आम्ही दोघेही थांबलो. मग मी वळलो, तोही नाखुशीने वळला आणि आम्ही गिरिपुष्पांच्या राईतून लांबच्या वाटेने उतरलो.

‘आज उशीर झाला?’ पत्नीने विचारले.

मग मी तिला सारे सांगितले, मागच्या वर्षीचे आणि त्या दिवशीचे. ऐकून घेऊन ती म्हणाली, ‘ते फडकं मी अजून ठेवलंय. डाग गेला नाही त्याचा.’ आणि मोत्याला पाणी द्यायला उठली.