होल वाकडा नव्हता

त्या दिवशी आमच्या मैदानावर होल कापणाऱ्या माळीमामांचं काहीच चुकलं नव्हतं, तरी बोलणी त्यांनाच खावी लागली. मला ते अजून पचत नाही.

मी परभणी जिल्ह्यातला, जिंतूरकडचा. कृषी विद्यापीठातून पदवी घेतली आणि पुण्यात एका गोल्फ मैदानाची हिरवळ सांभाळायला लागलो. ज्या हरळीच्या काशा आमच्याकडे वेचून बांधावर जाळतात, तिचीच संकरित जात इथे ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर, तीन-चार मिलिमीटरवर कापतात.

स्पर्धेसाठी ग्रीन वेगवान हवं, असा हुकूम आला. पाणी कमी केलं, कापणी खाली आणली, रोलर फिरवला. हा वेग मोजायचा स्टिम्पमीटर म्हणजे खाच असलेली तीन फुटी पन्हळ. तिच्यावरून सुटलेला चेंडू एरवी सपाटीवर आठ फूट जायचा, तो आता साडेदहा जाऊ लागला. समितीतल्या एका साहेबांनी मात्र होलची जागा दाखवली ती ऐन उतारावर. मी लेव्हल लावून मोजलं, शंभराला आठ! होलभोवतीचे दोन-तीन फूट जवळपास सपाट लागतात, तीन टक्क्यांवर सहसा कुणी जात नाही. मी आकडा सांगितला. मामा म्हणाले, "साहेब, तिथं पाणीबी थांबत न्हाई, चेंडू कसा थांबंल?" कुणी ऐकलं नाही.

आठ फुटी वेगाला त्याच उतारावर चेंडू कसाबसा थांबतो. वेग वाढला की गवताचा अडसर उताराच्या ओढीपुढे कमी पडतो, मग चेंडू थांबतच नाही. तेच झालं. खालून मारलेला चेंडू होलाच्या कडेला टेकायचा, क्षणभर थबकायचा आणि मारणाऱ्याच्या पायाशी परत यायचा. वरून मारलेला थेट ग्रीनबाहेर. खेळाडू चिडले, आणि त्याच साहेबांनी सगळ्यांदेखत मामांना झापलं, "होल वाकडा कापलास." मामांनी सव्वाचार इंची होल ओळंब्यात कापला होता, मी स्वतः पाहिला होता. खाली मान घालून ते कटर पुसत राहिले.

१९९८च्या यूएस ओपन गोल्फ स्पर्धेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबवर, अठराव्या ग्रीनवर पेन स्टुअर्टचा हुकलेला चेंडू असाच घरंगळत सुमारे पंचवीस फूट गेला होता. तिथे होलची जागा ठरवणाऱ्यानेच पुढे चूक मान्य केली.

वेगवान ग्रीनला माझा विरोध नाही. खरं तर तसं ग्रीन तयार झालं की मला फार समाधान वाटतं. पण वेग वाढवायचा तर होल सपाटीकडे सरकवावाच लागतो. स्पर्धा भरवणाऱ्यांना एवढीच विनंती आहे: होल कापायच्या आधी त्या जागेवर हाताने चेंडू सोडून बघा, आणि माळ्याला विचारा.