मुंबई बंदरी एक रात्र

प्रवासाहून मनुष्य घरी परतला म्हणजे लोक त्यास पहिला प्रश्न विचारतात तो हा की, 'काय काय पाहिले?' कोणाच्या संगतीने पाहिले, हे सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः एकच स्थळ निरनिराळ्या सोबत्यांबरोबर पाहिले असता निरनिराळे भासते. गेल्या दिवाळीच्या सुटीत मुंबईस अवघी एक रात्र राहण्याचा योग आला, तेव्हा या गोष्टीचा मला चांगलाच प्रत्यय आला. सोबत दोघेजण होते : इयत्ता आठवीत शिकणारी माझी कन्या, आणि तिचे आजोबा, म्हणजे माझे वडील.

वडिलांचा मुंबईशी संबंध जुना. 1972 साली आमच्या नगर जिल्ह्यात पावसाने दगा दिला, विहिरी आटल्या आणि जो तो खडी फोडण्याच्या दुष्काळी कामावर जाऊ लागला. वडील तेव्हा वीस वर्षांचे होते. ते मुंबईस गेले, गोदीत पोती वाहू लागले, आणि पुढे 30 वर्षे तेथेच राबले. आम्हां मुलांस मुंबई ठाऊक होती ती मनीऑर्डरीच्या रूपाने. तीवरच माझे वसतिगृहातील शिक्षण झाले. परंतु ज्यास आपण 'मुंबई पाहणे' म्हणतो, ते त्यांनी कधीच केले नव्हते. आता काचबिंदूमुळे त्यांची दृष्टी दिवसेंदिवस मंदावत चालली आहे. पाहावयाचे ते यंदाच पाहावे, असे घरात ठरले.

पहाटेच्या एस.टी.ने निघून आम्ही तिसऱ्या प्रहरी मुंबईस पोहोचलो. वडिलांनी प्रथम आम्हांस नेले ते गोदी कामगारांचे पुढारी पी. डिमेलो यांचे नाव दिलेल्या रस्त्यास. तेथून गोदीची लांबच लांब भिंत दिसते. परवान्यावाचून आत जाता येत नाही. म्हणून भिंतीच्या कडेकडेनेच आम्ही चाललो. "येथे 14 एप्रिल 1944 रोजी मोठा स्फोट झाला," वडील नातीस सांगू लागले. त्यांनी ही हकिगत जुन्या हमालांच्या तोंडून ऐकली होती. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाच्या जहाजावर कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा असा माल एकत्र भरलेला होता. दुपारी आग लागली आणि चार वाजून गेल्यावर जहाज फुटले. आग विझविण्यास गेलेले 66 जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ 14 एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. "आणि हमाल किती गेले?" कन्येने विचारले. वडील क्षणभर थांबून म्हणाले, "जवानांची हजेरी पटावर होती, बाळ. रोजंदारीवरचा माणूस सकाळी आत गेला की नाही, हे त्याच्या टोळीलाच ठाऊक. आणि इथे टोळीच्या टोळी गेली." त्या दिवसाच्या मृतांचे आकडे आजही निरनिराळे सांगितले जातात, त्याचे मर्म मला त्या एका वाक्यात उमगले.

तेथून बॅलार्ड इस्टेटीतील भव्य इमारतींमधून आम्ही पुढे गेलो. 1914 साली पुरी झालेली अलेक्झांड्रा गोदी, जिला पुढे इंदिरा गोदी हे नाव मिळाले, ती खणताना निघालेल्या मातीचा भराव समुद्रात घालून ही जागा निर्माण केलेली आहे. सूर्यास्ताच्या सुमारास आम्ही 'गेटवे ऑफ इंडिया'पाशी आलो. बादशहा पंचम जॉर्ज 1911 साली येथे उतरले, त्या प्रसंगाचे हे स्मारक. प्रत्यक्ष कमान पुरी होऊन खुली झाली ती 1924 साली, आणि 28 फेब्रुवारी 1948 रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी तिच्याखालूनच निघून गेली. वडिलांनी सर्व ऐकून घेतले व हसून म्हणाले, "आम्ही बोरीबंदरला उतरलो. तिथेही कमानी होत्या म्हणे. पण डोक्यावर वळकटी होती, वर पाहिलं कोणी?"

त्या वेळी ओहोटी होती. धक्क्याच्या खालच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. रात्री जेवण करून पुन्हा आलो, तो पौर्णिमा जवळ आल्यामुळे भरतीचे पाणी कितीतरी पायऱ्या चढून आले होते. ओहोटीत गोदीतील जहाजे चिखलात कशी रुतत नाहीत, असे कन्येने विचारले. "गोदी म्हणजे मोठा हौद," आजोबांनी सांगितले. "त्याला दोहों बाजूंनी दरवाजे. जहाज दोन दरवाजांच्या मध्ये घ्यायचं, तिथलं पाणी आतल्या पाण्याइतकं करायचं, मग आतला दरवाजा उघडायचा. बाहेरचा समुद्र उतरला तरी हौदातलं पाणी उतरत नाही." पुस्तकात एक पान घेणारा विषय त्यांनी चार वाक्यांत संपविला. पलीकडे काळोखात नांगरलेल्या जहाजांचे दिवे लुकलुकत होते. त्यांतले किती आपणांस दिसतात, हे वडिलांनी सांगितले नाही, व आम्हीही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाँचने सुमारे तासाभरात घारापुरीस पोहोचलो. नातीच्या खांद्यावर हात ठेवून वडील सावकाश पायऱ्या चढले. सहाव्या शतकाच्या सुमारास एका अखंड डोंगरात कोरलेले ते लेणे आणि सुमारे 20 फूट उंचीची ती तीन मुखांची शांत मूर्ती पाहून कन्या स्तब्ध झाली. आतल्या अंधारात वडिलांस मूर्ती अंधूकच दिसली असावी. त्यांनी एका खांबावरून हात फिरविला आणि विचारले, "इथला दगड कुठे गेला?" प्रश्न आमच्या ध्यानी येईना. तेव्हा ते म्हणाले, "ही एवढी पोकळी आधी भरलेली होती ना? छिन्नीने फोडलेला दगड कोणीतरी उचलून बाहेर नेला असेल. ते ओझं थोडं नव्हे." मी यापूर्वी दोन वेळा हे लेणे पाहिले आहे, पुस्तकेही वाचली आहेत, पण त्या पोकळीकडे हमालाच्या नजरेने पाहण्यास कोणी शिकविले नव्हते.

परत येताना लाँचवरून न्हावा शेवा बंदराच्या प्रचंड याऱ्या दिसत होत्या. ते बंदर 1989 साली सुरू झाले. वीस फूट लांबीच्या एका लोखंडी पेटीत सुमारे 25 टन माल, म्हणजे शंभर किलोची अडीचशे पोती मावतात, आणि यारी ती एका झेपेत उचलते. पेट्या आल्या तशी पाठीवरून पोती वाहणाऱ्यांची गरज सरत गेली. वडिलांस याचे वाईट वाटत असेल, असे समजून कन्या गप्प झाली. तोच ते म्हणाले, "झालं ते बरंच झालं. शंभर किलो माणसाच्या पाठीवर असूच नयेत." थोड्या वेळाने ते आपण होऊन पुढे बोलले. "बहात्तरच्या दुष्काळात अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली होती. बोटीतून ती पोती आम्ही उतरवली. आईचं पत्र आलं की, रेशनवर मिलो मिळते, कडू लागते, पण चूल पेटते. तेव्हा वाटलं, यातलं एखादं पोतं आपल्याच पाठीवरून गेलं असेल."

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही मोठे होऊन याहून मोठी बंदरे व शहरे पाहाल. कमानी, लेणी, याऱ्या मन भरून पाहा. त्या पाहण्याजोग्याच आहेत. मात्र निघण्यापूर्वी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांस एकदा विचारा की, त्या गावी आपल्यापैकी कोणी काय उचलले, काय बांधले, काय वाहिले. आणि विचारण्यास विलंब लावू नका. कन्येने ती सर्व हकिगत आपल्या वहीत लिहून काढली आहे, आणि हल्ली संध्याकाळी ती आजोबांस मोठ्याने वाचून दाखविते. कोठे चुकले असल्यास ते दुरुस्त करतात.