पैनगंगेच्या काठचे हिम

नागपूरकरांचा आणि बर्फाचा संबंध तो काय? वैशाखात गोळेवाल्याच्या रंध्यावर किसला जाणारा बर्फ, लग्नघरी सरबताच्या पिंपात सोडलेल्या लाद्या आणि आता घरोघरी आलेल्या फ्रीजमधले चौकोनी खडे, इतकाच. मे महिन्यात ज्या शहराचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेल्याची नोंद आहे, तेथे ध्रुवप्रदेशांतील हिमाची चिंता कोणी बोलून दाखवली, तर ऐकणारा कूलरची कळ फिरवीत म्हणतो, "सर, ते तिकडचे झाले. इकडचे काही बोला." मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे. तिकडचे ते इकडचेही कसे आहे, एवढेच मला या लेखात वाचकांपुढे मांडायचे आहे.

चंद्रपूरच्या नैर्ऋत्येस, पैनगंगा वर्धेला मिळते त्याच्या काही मैल अलीकडे, इरई नावाचे गाव आहे. (चंद्रपूरच्या वीज केंद्राला पाणी पुरविणारी इरई नदी ती निराळी.) भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील फ्रान्सिस फेडन यांना तेथे नदीकाठी चुनखडकाचा एक विस्तीर्ण पृष्ठभाग आढळला. तो घासून गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर ओरखडे व खोबणी उमटलेली होती. त्याच्यावर मातीच्या थरात रुतलेले लहानमोठे गोटे होते. फेडन यांनी १८७५ मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध केला. वाहते पाणी दगडाला गुळगुळीत करते, परंतु पट्टीने ओढल्यासारख्या सरळ रेघा ते पाडीत नाही. ते काम हिमाचे. हिमाचा प्रचंड थर स्वतःच्या भाराने सरकू लागला, म्हणजे त्याच्या तळाशी गोठून बसलेले दगड खालच्या खडकावर कानशीसारखे घासले जातात. हिम निघून जाते, रेघा राहतात.

त्याआधी १८५६ मध्ये ब्लॅनफर्ड बंधूंनी व त्यांच्या सहकाऱ्याने ओरिसातील तालचेर येथे असेच गोटे पाहून हिमाचा तर्क केला होता. उष्ण कटिबंधात हिम कोठून येणार, ही शंका तेव्हा स्वाभाविक होती. पैनगंगेच्या काठच्या खडकाने त्या तर्काला मोठा आधार दिला. पुढे १९६३ मध्ये स्मिथ या संशोधकाने त्या पृष्ठभागाचा नव्याने अभ्यास करून तेथे हिमनदीच फिरली होती, असे प्रतिपादन केले.

ही गोष्ट सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीची. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका हे भूभाग तेव्हा एकमेकांना जोडलेले होते आणि आपली भूमी दक्षिण ध्रुवाच्या बाजूला पुष्कळ खाली होती. त्या महाखंडाचे जगन्मान्य नाव गोंडवन. ते आले आपल्याच मुलखातील गोंडांच्या राज्यावरून. ज्या गोंड राजांनी चांद्याचा परकोट बांधला आणि नागपूर वसविले, त्यांचे नाव आज अंटार्क्टिकाच्या खडकांनाही लागते. हे मी वर्गात सांगत असे, तेव्हा मागच्या बाकावरची मुलेसुद्धा मान वर करीत.

हिम ओसरल्यावर त्या ओल्या सखल भूमीवर वने वाढली. त्यांतील एका वृक्षाच्या जिभेच्या आकाराच्या पानांना शास्त्रज्ञ ग्लोसोप्टेरिस म्हणतात. १८४५ मध्ये नागपुरास आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी कामठी, सिलेवाडा या परिसरातील वालुकाश्मांतून ही पाने गोळा करून विलायतेस पाठविली. १८६१ मध्ये त्यांचे वर्णन तेथे छापून आले. दोनच वर्षांनी टाकळघाटाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात या धर्मसेवकाचा अंत झाला. येथील महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. त्यांच्या दगडांची आठवण मात्र फारशी कोणाला नाही. १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सहकारी दक्षिण ध्रुवाहून परतताना हिमात मरण पावले. उपासमार आणि थकवा असूनही त्यांनी सुमारे १६ किलो दगड अखेरपर्यंत घसरगाडीवरून ओढीत आणले होते. त्या दगडांत हेच पान निघाले. कामठीचे पान आणि ध्रुवाजवळचे पान एकाच कुळातले!

त्याच वनांचा, मातीखाली दबून, कोळसा झाला. वरोरा, बल्लारपूर, उमरेड, कामठी ही आपल्या नकाशावरील गावे त्या वनांच्या थडग्यांवर उभी आहेत. येथून पुढची कथा माझ्या घरातून जाते.

माझे वडील १९५२ साली वसईहून बल्लारपूरला आले. केळीची बाग चार भावांत वाटली गेल्यावर धाकट्याच्या वाट्याला जे उरते, ते घेऊन ते निघाले आणि कोळसा खाणीत हजेरी कारकून म्हणून लागले. आम्हा तिघा भावंडांची शिक्षणे, आईचे औषधपाणी, मोठ्या बहिणीच्या लग्नाचा खर्च, इतकेच काय, रविवारच्या मिस्सेला घालायचे पांढरे सदरे, हे सारे त्या काळ्या दगडावर चालले. आई ते सदरे रात्री धुऊन घरात वाळत घालीत असे, कारण बाहेरच्या दोरीवर सकाळपर्यंत काजळी बसे. आज माझा थोरला मुलगा चंद्रपूर जिल्ह्यातील एका खाणीत सर्वेक्षक आहे. कोळशाविषयी मी कृतघ्नपणे बोलू शकत नाही.

तथापि शिक्षकाला जे ठाऊक असते ते सांगावेच लागते. त्या वनांनी हवेतील कार्बन घेऊन जमिनीत पुरला. आपण तो उकरून जाळतो आणि हवेत परत सोडतो. अंटार्क्टिकाच्या हिमात खोल भोके पाडून काढलेल्या कांड्यांत प्राचीन हवेचे बुडबुडे अडकलेले आहेत. गेल्या ८ लाख वर्षांची हवा त्यांतून मोजता आली आहे. त्या साऱ्या काळात हवेच्या दर १० लाख भागांत कर्ब वायूचे प्रमाण साधारण १८० ते ३०० भाग या मर्यादेत राहिले. कारखानदारीच्या युगापूर्वी ते सुमारे २८० होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. या वायूचे पांघरूण जाड झाले, की सूर्याची उष्णता अधिक अडकते. अशा जादा उष्णतेचा ९० टक्क्यांहून अधिक भाग समुद्र गिळतात.

समुद्राची पातळी का वाढते, हे मी एका पेल्याने दाखवीत असे. पेल्यात पाणी भरायचे, त्यात बर्फाचा खडा तरंगत ठेवायचा आणि काठाशी पाण्याची खूण करायची. खडा विरघळला तरी पाणी खुणेवरच राहते. उत्तर ध्रुवाच्या समुद्रावर तरंगणारे हिम असे आहे. ते वितळल्याने पाणी फारसे चढत नाही. पण शुभ्र हिम सूर्यप्रकाश परतवून लावते आणि काळे उघडे पाणी तो शोषून घेते. म्हणून जितके हिम जाते तितके पाणी तापते, आणि तापलेल्या पाण्याने आणखी हिम जाते. सप्टेंबर २०१२ मध्ये उत्तर ध्रुवसमुद्रावरील हिमाचे क्षेत्र सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर इतके आक्रसले. उपग्रहांची नोंद सुरू झाल्यापासूनचा तो नीचांक आहे.

यानंतर दुसरा पेला. याच्या काठावर चाळणी ठेवायची आणि बर्फ चाळणीत टाकायचा. हा बर्फ वितळला की पाणी खुणेच्या वर जाते. ग्रीनलंड व अंटार्क्टिकाच्या भूमीवरील हिम असे आहे. ग्रीनलंडचे सगळे हिम वितळले तर जगाचे समुद्र सुमारे ७ मीटर चढतील, अंटार्क्टिकाचे वितळले तर सुमारे ५८ मीटर. हे उद्या घडणार नाही. त्याला शतके, सहस्रके लागतील. परंतु आरंभ झाला आहे. १९०१ पासून २०१८ पर्यंत समुद्राची सरासरी पातळी २० सेंटिमीटरने वाढली आणि वाढीचा वेग वाढतोच आहे. या वाढीस केवळ हिम कारण नाही. पाणी तापले की फुगते, हेही मोठे कारण आहे.

माझी धाकटी बहीण लग्न होऊन पुन्हा वसईकडेच, समुद्रालगतच्या गावात गेली. वडिलांनी सोडलेला किनारा तिने राखला. तिच्या दारच्या विहिरीचे पाणी आता उन्हाळ्यात मचूळ लागते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा तिच्या वाडीतील केळी आडव्या झाल्या. गेल्या वर्षी फोनवर ती म्हणाली, "दादा, आमचा जावई सांगतो, दगडी कोळशाच्या धुरानं समुद्र वर येतो. तू भूगोलाचा मास्तर. खरं सांग, आपल्या बाबांनी आयुष्यभर जे काढलं, त्यानं माझी विहीर खारट झाली का?"

मी तिला जे उत्तर दिले, ते असे. विहीर खारट होण्याचे पहिले कारण उपसा. भूगर्भातील गोडे पाणी टँकरने वाहून नेले, की त्याची जागा समुद्राचे खारे पाणी घेते. वसईचा हिरवा पट्टा वाचविण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंदोलन उभारले, ते याचसाठी. ध्रुवावरचे हिम त्या विहिरीत आज उतरलेले नाही. मात्र समुद्र जसजसा चढेल, तसतसा खाऱ्या पाण्याचा रेटा वाढेल, आणि अरबी समुद्र तापल्यामुळे वादळांना बळ मिळते आहे, हे खरे. त्यात बाबांच्या कोळशाचा वाटा आहे का? आहे. लंडनच्या, पिट्सबर्गच्या, शांघायच्या कोळशाचा जेवढा आहे, त्या मानाने तो राईएवढा आहे. आजही एका भारतीयामागे वर्षाला सुमारे २ टन कर्ब वायू सोडला जातो, एका अमेरिकनामागे सुमारे १४ टन. बहीण थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. नाहीतर बाबांचं नाव घेताना मला चुकल्यासारखं वाटायचं."

माझे एक शेजारी निराळा मुद्दा काढतात. "तुमच्या इरईवर हिम होते, ते माणसाच्या कोळशाविना वितळले ना? मग आताच एवढा गहजब का?" प्रश्न योग्य आहे. पृथ्वीवर हिम आले आणि गेले, हे पैनगंगेचा खडक सांगतोच. परंतु तो बदल लाखो वर्षांच्या गतीने झाला. वनांना, प्राण्यांना सरकायला अवधी मिळाला. आज तसाच बदल आपण दीड-दोनशे वर्षांत उरकू पाहतो. शिवाय त्या वेळी किनाऱ्यावर कोणाची वाडी नव्हती, विहीर नव्हती, दफनभूमी नव्हती. हिमाला काळाचे बंधन नाही, माणसाच्या वस्तीला आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात ध्रुवप्रदेशांतील हिम वितळण्याचा स्पष्ट उल्लेख केला आणि प्रदूषण करणारी इंधने, विशेषतः कोळसा, विनाविलंब क्रमाक्रमाने बदलली पाहिजेत, असे सांगितले. आमच्या धर्मग्रामातील अभ्यासवर्गात हा भाग वाचला गेला, तेव्हा खाणीत नोकरी करणारे एक गृहस्थ उठून उभे राहिले. "फादर, मग आम्ही काय करावे?" एवढेच त्यांनी विचारले. त्या प्रश्नात राग नव्हता. त्यांची मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. फादरांनी तत्काळ उत्तर देण्याचा प्रयत्न केला नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

तो प्रश्न मी आजही मनात घोळवतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील परिषदेत भारताने २०७० पर्यंत कर्ब वायूचे नक्त उत्सर्जन शून्यावर आणण्याची घोषणा केली. म्हणजे खाणी कधीतरी मिटणार. मिटताना बल्लारपूरच्या, उमरेडच्या, घुग्गुसच्या कामगारांना दुसरे काम मिळेल, की केवळ भंगार आणि पाण्याने भरलेले खड्डे उरतील? किनाऱ्यावरच्या विहिरी वाचविण्याची किंमत एकट्या खाणकामगाराने द्यावी, हा न्याय नव्हे. आणि खाणकामगाराची भाकरी चालावी म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाने आपले घर सोडावे, हाही न्याय नव्हे. माझ्या कुटुंबात या दोन्ही बाजू एकाच ताटात जेवतात, म्हणून मला एकीच्या बाजूने बोलून मोकळे होता येत नाही.

मुलाला मी एवढेच सुचविले आहे, की त्याने सर्वेक्षणाचे ज्ञान भूजलाच्या कामाकडे वळवावे. पाण्याचे थर शोधणाऱ्याची गरज वसईलाही आहे आणि विदर्भालाही. त्याने एका पदविकेसाठी अर्ज केला आहे. परीक्षा मार्चमध्ये आहे. माझा नातू २०७० मध्ये पन्नाशी ओलांडलेला असेल. त्याला आत्याआजीच्या विहिरीचे पाणी गोडच प्यायला मिळावे, आणि ते पिताना पणजोबांच्या कष्टांचीही आठवण अभिमानाने काढता यावी, अशी माझी प्रार्थना आहे.