इंजिन निवडताना वेग सगळ्यात शेवटी बघा

मंडळी, डेटाबेसच्या पोटात जावास्क्रिप्ट कशाला लागतं, हे मला घरी आणि ऑफिसात दोन्हीकडे विचारून झालंय. उत्तर सोपं आहे. वापरणाऱ्याला स्वतःचे छोटे नियम लिहायचे असतात. बिल सेव्ह होण्याआधी जीएसटी तपासा, अमुकच रेकॉर्ड दाखवा वगैरे. दर नियमाला आम्ही नवा बिल्ड द्यायचा का?

आम्ही तिघं कॉलेजचे मित्र शनिवार-रविवारी एक छोटा ओपन सोर्स डेटाबेस लिहितोय. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चाललाच पाहिजे. वाळूजच्या वर्कशॉपांत जुनं विंडोज, आमच्यातल्या एकाकडे मॅक. गेल्या शनिवारी कॅनॉटला चहा पिताना इंजिनावरून जुंपली. एक मित्र म्हणे, "अरे व्ही८ घे ना, क्रोममधे तेच, नोडमधे तेच. जाम फास्ट आहे."

फास्ट आहेच! पण मोंगोडीबीचं बघा. २०१३ साली २.४ मधे त्यांनी मोझिलाचं स्पायडरमंकी काढून गूगलचं व्ही८ घातलं, आणि २०१५ च्या डिसेंबरात ३.२ मधे परत स्पायडरमंकीवर आले. व्ही८ बनतं ते आधी क्रोमसाठी. दर काही आठवड्यांनी नवं व्हर्जन, एपीआय बदलता, आणि मागच्या व्हर्जनला कोणी वाली नाही. मोझिलाची ईएसआर आवृत्ती निदान वर्षभर तरी टिकते.

बरं, बदलायचंच नाही म्हटलं तर? काउचडीबीने २०११ चं स्पायडरमंकी १.८.५ इतकं सांभाळलं, की नव्या व्हर्जनचा सपोर्ट थेट २०२० मधे, ३.० ला आला. तोवर लोक जुनंच जावास्क्रिप्ट लिहीत बसले.

तिसरा पर्याय क्विकजेएस. एफएफएमपेग आणि क्यूईएमयू सुरू करणाऱ्या फाब्रिस बेलारने चार्ली गॉर्डनबरोबर २०१९ मधे आणलेलं. सी भाषेतल्या मोजक्या फायली, आकार काहीशे केबी. २०२४ मधे काउचडीबीनेही ३.४ मधे हा पर्याय दिला. त्यात जेआयटी नाही, म्हणजे कोड चालताना मशीन कोड बनवणं नाही. त्यामुळे आकडेमोडीत व्ही८ पुढे ते कितीतरी मागे पडतं. पण जेआयटी नाही म्हणूनच ते जवळपास कुठल्याही प्रोसेसरवर कंपाइल होतं. मूळ क्विकजेएसला विंडोजवर मिनजीडब्ल्यू लागतं, म्हणून आम्ही २०२३ मधे फुटलेली क्विकजेएस-एनजी ही शाखा धरली. ती मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवरही बिल्ड होते.

मित्राचं एक म्हणणं खरं आहे. लाखभर रेकॉर्डवर फिरणारा रिपोर्ट यात रखडणार. म्हणून बेरजा-सरासरी आम्ही सी++ मधेच ठेवतोय. नियम चार-पाच ओळींचे असतात, तिथे हा वेग पुरतो. शिवाय इंजिनाभोवती पातळ थर ठेवलाय, उद्या बदलावं लागलं तर सगळं घर उकरायला नको.

वाद मिटला तो मात्र बेंचमार्कने नाही. मी एवढंच विचारलं, "व्ही८ चं दर अपग्रेड कोण करणार?" एकाचं दिवाळीनंतर लग्न आहे, दुसऱ्याची नाइट शिफ्ट. आमच्याकडे आठवड्याचे दोनच दिवस, तेही उसने. ते दुसऱ्याच्या इंजिनामागे धावण्यात गेले तर आमचा डेटाबेस लिहायचा कोणी? टेबलावर एकदम शांतता!

असो. उद्या मॅकवरचा बिल्ड बघायचाय. तुम्ही काय निवडलं असतं? जरूर सांगा.