आजीचा शालू, बकरमचा पट्टा आणि तीन दिवसांचं खान्देश

सगळा दोष 'संगीत मानापमान'चा. 2025च्या जानेवारीत सुबोध भावेचा सिनेमा आला, आमच्या टीममधल्या चौघांनी तो एकत्र पाहिला आणि सोमवारी कॅन्टीनमध्ये ठरूनच गेलं. यंदा गॅदरिंगला फॅशन शो वगैरे काही नाही. 'मानापमान'मधले निवडक प्रवेश, अर्ध्या तासात. भामिनी कोण? तर टेस्टिंगमधला आमचा एक दाढीवाला मित्र, कारण टीममध्ये गाता येतं ते फक्त त्याला. बालगंधर्वांनी 1911मध्ये जी भूमिका केली ती आपण करायची म्हटल्यावर तो दाढीसुद्धा काढायला तयार झाला. मग प्रश्न आला, कपडेपट कोण बघणार? सगळे एकदम मोबाइलमध्ये बघायला लागले. मी नेमका वर बघत होतो.

कपडे भाड्याने आणू, ही सूचना कोणी केलीच नाही. गेल्या वर्षी भाड्याने आणलेल्या शिवलेल्या नऊवारीची शिवण भर स्टेजवर उसवली होती आणि त्याचा व्हिडिओ अजून ग्रुपवर फिरतो.

आता नाटक माहीत नसणाऱ्यांसाठी गोची सांगतो. श्रीमंत भामिनी गरीब वनमालेचं सोंग घेऊन धैर्यधराला पारखते. खाडिलकरांच्या पूर्ण नाटकात कपडे बदलायला भरपूर वेळ आहे. आमच्या अर्ध्या तासात होता फक्त ऑर्गनवाल्याचा एक तुकडा, साधारण पाऊण मिनिट. तेवढ्यात जरीचा शालू जाऊन साधं लुगडं यायला हवं. तेही ज्याने आयुष्यात लुंगीसुद्धा धड नेसलेली नाही अशा माणसाच्या अंगावर.

शालू होता. आजीचा, हिरवा, जळगावला मावशीच्या ट्रंकेत. आणि मावशीच्या ओळखीचे एक मास्तर होते, ज्यांनी गावातल्या हौशी नाटकवाल्यांचे कपडे वर्षानुवर्षं शिवले होते. शुक्रवारची रजा टाकली आणि गुरुवारी रात्री महाराष्ट्र एक्सप्रेस पकडली.

खरं तर या कामासाठी जळगावइतकं योग्य गाव शोधून सापडलं नसतं. नारायण राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, लहानपणी इथे शिकायला होते. गाण्याचे पहिले धडे त्यांनी इथेच मेहबूबखाँकडे घेतले. गावात त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे आणि जानेवारीत त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव भरतो. 2011च्या 'बालगंधर्व' सिनेमातल्या शालू-पैठण्यांसाठी नीता लुल्लांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे मी मास्तरांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "भो, शालू आणला का?"

शालू पुढे ठेवला. माझा प्लॅन सोपा होता. कापायचा, शिवायचा, पायजम्यासारखा चढवायचा. मावशी दारातच उभी होती. ती काही बोलली नाही, पण तिने ट्रंकेची किल्ली मुठीत घट्ट धरली होती. मास्तरांनी कात्री उचलली आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. "कापायचा नाही. उद्या उसवला की परत शालू झाला पाहिजे."

पुढचे दोन दिवस मी जे शिकलो ते कुठल्याही ऑनलाइन कोर्सात असं मिळालं नसतं. पहिला धडा, मायेचा. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला शिंपी 'माया' म्हणतात. रोजच्या ब्लाऊजला थोडी माया पुरते. नाटकाच्या कपड्याला भरपूर लागते, कारण आज ज्याच्या अंगावर आहे त्याच्याच अंगावर तो पुढच्या वर्षी असेल असं नाही. दुसरा धडा मुंढ्याचा. दाढीवाल्याच्या मापाने मी चोळीचा मुंढा चांगला ऐसपैस खोल कापला, हात मोकळे राहावेत म्हणून. मास्तरांनी मला ती घालायला लावली आणि म्हणाले, हात वर कर. अख्खी चोळी छातीवर चढली. मुंढा जितका खोल, तितका हात वर नेताना कपडा ओढला जातो; बगलेजवळ नीट बसलेला मुंढाच हाताला मोकळं सोडतो. नशीब, हा प्रयोग मांजरपाटावर चालला होता. आधी स्वस्त मांजरपाटावर कापायचं, चुका तिथे करायच्या, मग खरं कापड. (आमच्या ऑफिसात यालाच टेस्ट एन्व्हायर्नमेंट म्हणतात आणि त्याचं बिल वेगळं लावतात.)

शालूची युक्ती मात्र मास्तरांची. कमरेच्या मापाचा बकरमचा रुंद पट्टा, त्याला सुती अस्तर. शालूच्या निऱ्या घालून त्या पट्ट्यावर बारीक सुईने, रेशमी दोऱ्याने, हातशिलाईचा धावदोरा. मशिनचा एकही टाका नाही. पट्टा डाव्या कुशीत उघडतो. काष्ट्याचं टोक वेगळ्या पट्टीवर टाचायचं आणि ती पट्टी मागे कमरेला हुकात अडकवायची. खाली वनमालेचं पातळ सुती लुगडं आधीपासून नेसवलेलं. ते आम्ही नवं आणलं होतं, त्यामुळे ते बिनधास्त कापून शिवलं. विंगेत दोघे जण: एकाने मागचा हूक काढायचा, दुसऱ्याने कुशीतला पट्टा. शालू उतरतो, वनमाला तयार.

मी विचारलं, हूक कशाला, वेल्क्रो लावू ना! मास्तरांनी वेल्क्रोचा तुकडा शोधून काढला आणि माझ्या कानाजवळ नेऊन ओढला. चर्रर्र. "विंगेतून हा आवाज पाचव्या रांगेपर्यंत जातो." म्हणून मोठे हूक आणि चापाची बटणं. खांद्यावर पदरालाही पिन नाही, चापाचं बटण.

रविवारी सकाळी एसटीने धुळं. एरंडोल, पारोळा, दोन्ही बाजूंना रान, खिडकीतून गरम वारा. पारोळ्याला झाशीच्या राणीच्या माहेरचं नातं सांगतात. अंगावर निऱ्या-काष्ट्यांचा अभ्यास चढलेला असल्यामुळे मी बसस्टँडवरच्या प्रत्येक नऊवारी आजीकडे असा काही बघत होतो की एकीने मला "काय रे?" असं दरडावूनच विचारलं.

धुळ्याचा मला कायम हेवा वाटतो. 1818मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर कॅप्टन ब्रिग्जने इथे नवी पेठ आखली आणि जुन्या गावात अजूनही गल्ल्यांना नंबर आहेत. पत्ता विचारायला सोपं. आग्रा रोड, पाच कंदीलचा परिसर आणि आतल्या गल्ल्या धुंडाळून जरीची किनार, अस्तर आणि हूक घेतले. सुरतेचा माल इथे पटकन पोचतो, त्यामुळे लेस आणि टिकल्यांची चंगळ आहे. मोह आवरा, एवढंच सांगतो. चकचकीत प्लास्टिक जर लाइटमध्ये फोटोच्या फ्लॅशसारखी उलटी मारते. जुनी, थोडी मळलेली जर दुरून श्रीमंत दिसते.

धुळ्याला जायचं खरं कारण वेगळं होतं. मास्तरांनी एका बाईंचा पत्ता दिला होता. तरुणपणी त्या तमाशाच्या फडात नाचायच्या. घरात शिरल्यावर त्यांनी आधी चहा टाकला, मग मला उभं करून माझ्या जीन्सवरूनच लुगडं नेसवलं. कमरेला आधी सुती नाडी, करकचून. रेशमावर रेशीम सरकतं, सुतावर सरकत नाही. काष्टा ओढण्याआधी गुडघे वाकवून उभं राहायचं, म्हणजे बसता-उठताना ताण येत नाही. ताठ उभं राहून नेसलं तर पहिल्या गिरकीलाच गाठ सुटते. एवढं सगळं त्यांनी बोलत बोलत, माझ्याकडे न बघता केलं. लुगडं कापून शिवायच्या फॅशनबद्दल विचारलं तर हसल्या. "कसाले कापस भाऊ? हात शेतस ना!" हात आहेत ना! त्यांच्याकडून कोणी शिकायला येतं का, असंही मी विचारलं. त्यांनी चहाचे कप उचलले आणि आत गेल्या.

वनमालेचं लुगडं नवंकोरं दिसत होतं, हा शेवटचा प्रॉब्लेम. कडक चहाच्या पाण्यात बुडवून ठेवलं, गुडघ्याशी आणि काठांवर पॉलिश पेपरने हलकेच घासलं. कोल्हापूरच्या भानू अथैयांना 'गांधी'च्या वेशभूषेसाठी 1983मध्ये ऑस्कर मिळालं. त्या सिनेमातले कपडे आठवून बघा, नवा कपडा वाटणारं काही चटकन आठवत नाही.

पुण्यात रंगीत तालमीला पहिला बदल तीन मिनिटांत झाला, दुसरा सव्वा मिनिटात. तिथे आणखी एक कळलं. लाल लाइट पडला की हिरवा शालू पार काळा दिसतो. लाइटवाल्याशी भांडून लाल बंद केला.

प्रयोगाला मावशी आली होती. तिच्या भाषेत, माझ्यासाठी. खरं तर शालूच्या मागोमाग. बदल अडतीस सेकंदांत झाला. ऑर्गन थांबायच्या आत वनमाला स्टेजवर होती आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. पण मी विंगेत शालू हातात घेऊन उभा होतो आणि माझं लक्ष एका घडीवर होतं. जुनं रेशीम घडीवरच विरतं, मास्तरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून सगळ्या घड्यांना आतून मलमलची पट्टी टाचली होती. एक राहिली होती. तिथे बोटभर चीर.

त्या रात्री माझ्या फ्लॅटवर मावशी आणि मी समोरासमोर बसून धावदोरे उसवत होतो. ती चीर मी तिला दाखवली. तिने ती दिव्यासमोर धरली, बोटाने चाचपली. मग शालू फिरवून दुसऱ्या काठाशी एक जुना रफू दाखवला, इतका बारीक की मी तीन दिवस त्याच्यावर हात फिरवून तो मला दिसला नव्हता.

"हा तुझ्या आईने फाडलेला," ती म्हणाली. "सुई दे."