सांग पाहू, माझ्या मनात काय आहे?

दोस्तांनो, दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न: सायन्स की कॉमर्स? कुणी आर्ट्सचं नाव काढलं, की समोरचा लगेच म्हणतो, "का रे, मार्क कमी पडले का?" मी तर आर्ट्सला जाऊन मानसशास्त्र घेतलं. मग काय विचारता! लग्नात, बारशात जो भेटेल तो डोळे बारीक करून म्हणायचा, "सांग पाहू, माझ्या मनात आत्ता काय चाललंय?"

ते मला अकरावीत सांगता आलं नाही, बारावीतही नाही. कारण मानसशास्त्र म्हणजे मनकवडेपणा नव्हेच मुळी! मनाविषयी आपण सगळेच काहीबाही बोलत असतो. त्यातलं खरं किती, हे तपासून पाहायचं, म्हणजे मानसशास्त्र. १८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीत लाइपझिग इथं त्यासाठी प्रयोगशाळाच थाटली.

एक प्रयोग तुम्हीही करून पाहा. स्केचपेन घ्या. निळ्या रंगानं 'लाल' असं लिहा, हिरव्यानं 'निळा', लाल रंगानं 'पिवळा'. असे वीसेक शब्द लिहा. आता ताईला सांगा, शब्द वाचू नकोस, फक्त शाईचा रंग भराभर सांग. बघा कशी अडखळते ती! वाचायची सवय इतकी पक्की झालेली असते, की वाचू नको म्हटलं तरी डोळे वाचतातच. जे. आर. स्ट्रूप यांनी १९३५ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला.

अभ्यासात उपयोगी पडेल असंही यात पुष्कळ आहे. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकानं अर्थ नसलेली अक्षरं स्वतःच पाठ केली आणि ती किती वेगानं विसरतात ते मोजलं. १८८५ साली त्यानं ते छापलं. तासाभरातच निम्म्याहून अधिक पाठांतर निसटत होतं! त्यानंतर मात्र विसरण्याचा वेग मंदावत गेला. थोडं थोडं, दिवसांचं अंतर ठेवून केलेलं पाठांतर एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकतं, हेही त्याला दिसलं. हे वाचल्यापासून मी परीक्षेच्या आदल्या रात्रीची जागरणं बंद केली.

पण या विषयानं मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट प्रयोगाच्या तासाला नाही, वर्गात मिळाली. आमच्या बाईंनी एकदा वहीत दोन रकाने आखायला लावले. एक 'दिसलं ते', दुसरा 'वाटलं ते'. त्याच सुमारास आमच्या वर्गातली एक मुलगी गप्प गप्प राहू लागली होती. डबा एकटीच खायची. "शिष्ट झालीय," असा वर्गानं निकाल देऊन टाकला. मी मनातल्या मनात रकाने भरले. 'डबा एकटी खाते' हे दिसलं ते. 'शिष्ट आहे' हे नुसतं वाटलं ते!

मी आणि माझी मैत्रीण डबा घेऊन तिच्याशेजारी बसू लागलो. चार-पाच दिवस ती काहीच बोलली नाही. मग हळूच म्हणाली, रात्र रात्र झोप लागत नाही, काहीच नकोसं वाटतं. आम्ही तिला उपदेश केला नाही. ते आमचं कामच नव्हतं. "बाईंना सांगू या का?" एवढंच विचारलं. ती हो म्हणाली. बाईंनी तिच्या आईला बोलावून घेतलं, पुढे डॉक्टरांकडे जाणं झालं. काही महिन्यांनी ती पुन्हा आमच्यात डबा खाऊ लागली.

तुमच्याही वर्गात असं कुणी असेल. कदाचित ते तुम्ही स्वतःच असाल. अशा वेळी घरातल्या किंवा शाळेतल्या विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. २०२२ साली सरकारनं 'टेली-मानस' ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं. ताप आला तर सांगतो ना आपण? तसंच हे.

आणि पालकहो, एक गोष्ट तुमच्यासाठी. बारावीला मानसशास्त्र घेतलं म्हणजे मुलगा समुपदेशक झाला असं नाही. त्यापुढे पदवी, एम.ए. आणि पुढचं प्रशिक्षण लागतं. मनोविकारतज्ज्ञ व्हायचं तर एम.बी.बी.एस.ची वाट, म्हणजे सायन्सच. आणि आर्ट्स घेतलं म्हणून गणित सुटलं असंही समजू नका. पुढे संख्याशास्त्र दारात उभंच असतं!

तेव्हा दोस्तांनो, मैत्रिणीनं घेतलं म्हणून किंवा सोपं आहे म्हणून हा विषय घेऊ नका. बालभारतीचं अकरावीचं मानसशास्त्राचं पुस्तक मिळवा. सुट्टीत त्यातले दोन धडे वाचा, आईबाबांनाही वाचायला द्या. तिसरा धडा उघडावासा वाटला, तर खुशाल फॉर्म भरा!